गाणे विकावे की राखावे? : वऱ्हाडातील स्वतंत्र गीतमंडळांचा पूर्वेतिहास

गेल्या श्रावणात एके दिवशी सायंकाळी आमचे पाच माजी विद्यार्थी आमच्या घरी आले. त्यांतील तिघे अमरावतीचे व दोघे अकोल्याचे. ह्या पाच जणांनी मिळून गाण्याबजावण्याचे एक मंडळ काढले आहे व त्यास ते ‘बँड’ म्हणतात. बँड म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतील लाल डगले आणि पितळी कर्णे उभे राहतात. पण ह्यांचा प्रकार निराळा आहे. हे दुसऱ्याची गाणी वाजवीत नाहीत. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, गळे त्यांचे. गिटारीबरोबर खंजिरी आणि ढोलकी त्यांना चालते, आणि गाण्याची भाषा तर घरात आजीशी बोलावी तशी ठेवणीतली नसलेली, अस्सल वऱ्हाडी आहे.

ह्या मंडळाने आठ गाण्यांचा एक संच तयार केला होता. अकोल्यास एकाच्या घरी माडीवरच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगून, पंखा बंद करून, रस्ता निजल्यावर रात्री गाणी उतरवून घ्यावयाची, असा त्यांचा क्रम होता. यंत्रसामग्री म्हणावी तर दोन मायक्रोफोन, एक लहानसे ध्वनियंत्र व एक लॅपटॉप. प्रत्येक वाद्य निरनिराळे मुद्रित करावयाचे, मग ती सारी एकत्र मिसळून त्यांचे चढउतार बेताचे करावयाचे, हे काम त्यांनी स्वतःच शिकून केले. पोटापाण्याचे उद्योग सांभाळून अमरावती ते अकोला हे सुमारे शंभर किलोमीटरांचे अंतर सुट्टीसुट्टीला तोडावयाचे, त्यामुळे वर्ष लोटले. आता संच तयार झाला, आणि मुंबईच्या एका कंपनीने तो एकरकमी विकत मागितला. रक्कम ह्या मुलांच्या दृष्टीने लहान नव्हती. परंतु ती घेतल्यावर गाण्यांवर त्यांचा कसलाही हक्क उरणार नव्हता. त्यांतील सर्वांत धाकट्याने आम्हांस विचारले, “सर, तुमी इतिहास शिकवता. आता सांगा, गानं इकाव का घरीच ठेवाव?”

प्रश्न व्यवहाराचा होता, आणि व्यवहारात आमचा सल्ला कोणी घ्यावा अशी आमची योग्यता नाही. तथापि ‘इकाव का ठेवाव’ हे शब्द आमच्या कानांत घुमत राहिले, कारण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या तोंडी दर हंगामात हेच शब्द असतात. फक्त तो गाण्याविषयी नव्हे, कापसाविषयी बोलत असतो. गाण्याचा आणि कापसाचा इतिहास आपल्या प्रांती इतका सारखा कसा, ह्याचा विचार करता जे आम्हांस आढळले, ते येथे वाचकांपुढे ठेवतो.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांस जाणारा कापूस १८६१ ते १८६५ ह्या काळात आटला. गिरणीवाल्यांची दृष्टी मग आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला. १८७० साली खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्ते उघडला गेला. कापूस येथे पिकावा, येथेच सरकीपासून वेगळा व्हावा, दाबून गाठी बांधून मुंबईच्या बंदरात जावा, आणि विलायतेतून धोतराचे पान होऊन परत यावा, अशी ही व्यवस्था होती. भाव ठरवणे, सूत काढणे, कापड विणणे आणि त्यावर छाप मारणे ही कामे दुसऱ्याकडे गेली. पिकवण्याचे तेवढे आपल्याकडे राहिले.

ह्याच कापसाच्या पैशामागोमाग नाटकमंडळ्या वऱ्हाडात येऊ लागल्या. हंगाम चांगला गेला की अमरावती, अकोला, खामगाव येथील मुक्काम मंडळ्यांस लाभत असे. परंतु वऱ्हाडने नाटकास केवळ प्रेक्षक दिले असे नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे अकोल्यास, खामगावास व पुढे जळगाव-जामोद येथे वकिली करीत. त्यांच्या ‘वीरतनय’ नाटकाचा प्रयोग १८९६ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने केला, आणि त्यातील पदांस पारशी व गुजराती रंगभूमीवरील नव्या, चटकदार चाली होत्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने १८८० साली जी साकी-दिंडीची, कीर्तनी वळणाची गोडी लावली होती, तिला सरावलेल्या कानांस हा मोठा धक्का होता. आज आमचे विद्यार्थी गिटार हाती घेतात तेव्हा परक्या सुराबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, मराठी रंगभूमीवर परका सूर आणून रुजवणारे गृहस्थ आपल्याच मुलुखातले एक वकील होते, आणि पुढे तोच सूर अस्सल मराठी म्हणून मानला गेला.

दुसरे उदाहरण अमरावतीचे. वीर वामनराव जोशी ह्यांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली रामकृष्णबुवा वझे ह्यांच्या, आणि गाणारे मास्टर दीनानाथ मंगेशकर. देशभक्तीसाठी तुरुंग भोगलेल्या मनुष्याचे शब्द, दीनानाथांच्या त्या तेजस्वी, विजेसारख्या फिरतीच्या गळ्यातून निघाले आणि तबकडीवर चढून घराघरांत गेले. त्या काळच्या कित्येक घरांत हे नाटक पाहिलेले एकही माणूस नसेल, पण त्यातील पदे पाठ असलेले निघत.

ही बळवंत मंडळीसुद्धा आजच्या भाषेत ‘स्वतंत्र’ मंडळीच होती. दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे हे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि १९१८ साली त्यांनी आपले बिऱ्हाड वेगळे थाटले. त्यापूर्वी १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्यांनी हेच केले होते. गाणारा मालक झाला की काय होते, हे ह्या दोन्ही मंडळ्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसते. कला उजळते, पण कर्जाचा कागदही गाणाऱ्याच्याच नावे होतो. बालगंधर्वांचे आयुष्य कर्ज फेडण्यात गेले. दीनानाथांनी चित्रपटात उडी घेतली, १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढले, आणि त्या धंद्यात हात पोळून घेतले. १९४२ साली ते वारले तेव्हा त्यांचे वय अवघे एकेचाळीस वर्षांचे होते. तेव्हा स्वातंत्र्य म्हणजे केवळ मालकाच्या कटकटीतून सुटका, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही पाने अवश्य वाचावीत.

आता तबकडीकडे वळू. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणी उतरवून घेण्याची पहिली मोठी मोहीम फ्रेडरिक गेसबर्ग ह्यांनी १९०२ साली कलकत्त्यास केली. गौहरजान गात, आणि गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. कारण मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हर येथे जावयाचे आणि तेथल्या कारागिरांस गाणारी कोण हे त्याखेरीज कळणार नव्हते. तबकड्या तेथे दाबल्या जात व विक्रीसाठी इकडे परत येत. गंमत अशी की तबकडी ज्या द्रव्याची होई, ती लाखही छोटा नागपूरसारख्या आपल्याच जंगलांतली. म्हणजे लाख आपली, गळा आपला. ठसा मात्र परक्याचा. कापसाची कथा आणि ही कथा ह्यांत अक्षराचाही फरक नाही. १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे तबकड्यांचा कारखाना निघाला, त्यामुळे जहाजाचा प्रवास वाचला. पण कारखान्याचा धनी बदलला नाही.

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. गेसबर्ग आले ते पुढच्या वर्षी. ज्या गळ्यासाठी आपले पूर्वज रात्री जागवीत, तो असा एका वर्षाच्या अंतराने यंत्रास मुकला. जो गळा मुद्रित झाला त्याच्यावरही यंत्राचा जुलूम होताच. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांत संपे, म्हणून तासाचा राग तीन मिनिटांत आवळावा लागे. गाणे लांब असेल तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या ठेवण्यासाठी छायाचित्रांच्या वहीसारखी जाड पुठ्ठ्याची, पाकिटांची वही मिळे. तिचे नाव अल्बम. तबकड्या गेल्या, वही गेली, तरी गाण्यांच्या संचास तेच नाव राहिले. आमचे विद्यार्थी ज्यास अल्बम म्हणतात त्यास आज पुठ्ठाही नाही आणि पानही नाही.

त्या काळी बहुतेक गायकांस ठरीव रक्कम देऊन वाटेला लावीत; मोठ्या नावांस तेवढा पुढे विक्रीवर हिस्सा मिळू लागला. शब्द लिहिणाऱ्याची आठवण तर तबकडीवरील कागदी चकतीस क्वचितच होई. १९३० नंतर मुंबईस वडाळा येथे नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने ‘यंग इंडिया’ ह्या छापाच्या तबकड्या काढल्या, तो ह्या मक्तेदारीस देशी भांडवलाचा एक प्रामाणिक विरोध होय. परंतु तो टिकला नाही, आणि १९७० च्या सुमारास पॉलिडोरसारखे प्रतिस्पर्धी येईपर्यंत हिंदुस्थानचा आवाज बहुतांशी एकाच कुत्र्याच्या चित्राखाली विकला गेला.

येथवरची हकीकत वाचून कोणास वाटेल की गाणाऱ्यास दोनच मार्ग होते. कंपनीस विकणे, नाहीतर स्वतः कंपनी होऊन बुडणे. पण ह्याच काळात, अमरावतीपासून थोड्याच अंतरावर, तिसरा मार्ग चालू झाला होता, आणि आमच्या मते ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच तुकडोजी महाराज, ह्यांनी हातात खंजिरी घेतली आणि स्वतःची भजने गावोगाव गायली. त्यांचा उपदेश, त्यांची भक्ती, ग्रामसुधारणा ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे केवळ गाणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने पाहतो. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांची रचना. वाद्य एवढे साधे की कोणत्याही खेड्यात मिळावे. चाली अशा की एकदा ऐकल्यावर दुसऱ्या कडव्यास सारा गाव साथ करू लागावा. १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा निघाल्या. भजनांच्या स्वस्त पुस्तिका निघाल्या, मंडळाचे मासिकही निघाले. ज्याने भजन ऐकले त्याने ते पुस्तिकेतून पाठ करावे व आपल्या गावच्या सामुदायिक प्रार्थनेत म्हणावे, असा क्रम पडला. गाणे उतरवून घेणारे यंत्र नव्हते असे नाही; त्यांस त्याची वाट पाहावी लागली नाही, एवढेच. त्यांची प्रत्येक शाखा हीच एक जिवंत तबकडी होती.

ह्या व्यवस्थेचे सामर्थ्य १९४२ साली दिसले. चिमूर-आष्टीच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती असे मानले जाते. त्यांस चांद्यास अटक झाली आणि काही महिने नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत काढावे लागले. नाटकगृहास टाळे लावता येते, तबकडी जप्त करता येते. पण ज्या गाण्याची प्रत हजार खेड्यांतील माणसांच्या कंठात आहे, त्यावर कोणता हुकूम बजावणार? गाणाऱ्यास तुरुंगात टाकले तरी गाणे बाहेरच राहिले.

त्यांच्याच जिल्ह्यातील दुसरे थोर गाणारे गाडगेबाबा. हाती झाडू आणि तोंडी कीर्तन, समोरच्या श्रोत्यांस प्रश्न विचारीत त्यांच्याच उत्तरांतून पुढे नेलेले. त्यांची कीर्तने अर्धशतकभर महाराष्ट्रात झाली, आणि हवेत विरली. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथे झालेले कीर्तन तेवढे ध्वनिफितीवर उतरले. २० डिसेंबर रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. ती फीत आज ऐकताना अंगावर काटा येतो, आणि त्याचबरोबर मनास एक चुटपूट लागते. एवढ्या मोठ्या आयुष्यातील ध्वनी आपल्या हाती मोठ्या प्रमाणात राहिला नाही, कारण यंत्र ज्याच्याकडे होते त्यास तोवर तिकडे वळण्याचे कारण नव्हते. पुढे अमरावतीच्या विद्यापीठास गाडगेबाबांचे व नागपूरच्या विद्यापीठास तुकडोजी महाराजांचे नाव दिले गेले. शाळेशी फारसा संबंध न आलेल्या दोन गाणाऱ्यांची नावे विदर्भातील दोन विद्यापीठांवर आहेत, ह्याचा आम्हां प्राध्यापकवर्गाने अधूनमधून विचार करावा हे बरे.

अमरावतीचेच सुरेश भट (१९३२–२००३) ह्यांची गोष्टही ह्याच मार्गाची. त्यांच्या कविता मोठमोठ्या गायकांच्या मुखी गेल्या, ध्वनिमुद्रिकांवर आल्या. पण मराठीत गझल रुजली ती केवळ त्यामुळे नव्हे. ते गावोगाव मैफलींत स्वतः गाऊन गझल म्हणत, आणि होतकरू कवींस ‘गझलेची बाराखडी’ पाठवून तिचे व्याकरण शिकवीत. म्हणजे त्यांनी गझल लिहिली तशी गझल ऐकणारी व लिहिणारी माणसेही घडविली. विठ्ठल वाघ ह्यांनी अकोल्याच्या मातीतून तिफणीवरची कविता आणली व ती चित्रपटातून महाराष्ट्रभर गेली. पण तत्पूर्वी ती कविसंमेलनांच्या मांडवांत श्रोत्यांनी उचलून धरली होती. वऱ्हाडी बोली ‘काळ्या’ मातीस ‘काया’ म्हणते. तिचे हे बोलणे कोणी अशुद्ध म्हणून नाकारू नये, हा धीर त्या मांडवांनी दिला. आज आमचे विद्यार्थी निःसंकोच वऱ्हाडीत गातात, त्याचे ऋण तेथे आहे.

पुढे यंत्रच लहान झाले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली, आणि १९८० नंतरच्या दशकात ती आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचली. तबकडी दाबण्यास कारखाना लागे, कॅसेटीची नक्कल करण्यास एक खोली पुरे. भीमगीते, भारुडे, कव्वाल्या, पालख्यांची भजने, ज्यांस मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहू दिले नसते, ती सारी जत्रेत विकली जाऊ लागली. नागपुरास दीक्षाभूमीवर दसऱ्यास जमणाऱ्या लाखो लोकांत अशा गीतांची दुकाने लागत, आणि वऱ्हाडातील खेड्यांत परतणारी मंडळी ग्रंथांबरोबर कॅसेटी घेऊन येत. वामनदादा कर्डकांसारख्या लोकशाहिराचे शब्द कितीतरी गळ्यांतून ह्या मार्गाने पसरले. परंतु जी सोय गाणाऱ्यास, तीच नक्कल करणाऱ्यासही. गीत घरोघरी गेले आणि गीतकार बहुधा जेथल्या तेथे राहिला.

आता पुन्हा एकदा मँचेस्टरकडे जाणे प्राप्त आहे. आमच्या विद्यार्थ्यांचे मंडळ ज्या पंथाचे, त्यास इंग्रजीत ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. ह्या पंथाच्या उगमांपैकी एक मोठा उगम, योगायोग असा की, मँचेस्टरातच आहे. १९७७ च्या जानेवारीत बझकॉक्स नावाच्या तेथील तरुण मंडळाने घरच्यांकडून व स्नेह्यांकडून पाचशे पौंड उसने घेतले, चार गाण्यांची तबकडी स्वतः काढली आणि प्रथम एक हजार प्रती दाबून घेतल्या. त्या संपल्या, पुन्हा काढाव्या लागल्या. कंपनीशिवाय तबकडी निघू शकते, हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर इंग्लंडच्या गावोगाव तशी मंडळे निघाली. ज्या शहराने वऱ्हाडचा कच्चा कापूस नेऊन त्यावर आपला छाप मारला, त्याच शहरातील मुलांनी दुसऱ्याचा छाप नाकारण्याचा हा पाठ घालून दिला. इतिहासास असा विनोद अधूनमधून सुचतो.

पुढे गाणे यंत्रातून निघून संगणकाच्या जाळ्यात शिरले. २००७ साली रेडिओहेड ह्या इंग्रजी मंडळाने नवा संच स्वतः प्रसिद्ध करून ‘किंमत ऐकणाराने ठरवावी’ असे जाहीर केले. २०१० साली दिल्लीच्या इंडियन ओशन मंडळाने ‘१६/३३० खजूर रोड’ ह्या संचातील गाणी एकेक करून विनामूल्य खुली केली. तरुण मंडळी ही उदाहरणे मोठ्या आवेशाने सांगतात, आणि आमच्याकडे आलेल्या पाच जणांनीही सांगितली. परंतु ही दोन्ही मंडळे त्या दिवशी नवखी नव्हती. रेडिओहेडचे पूर्वीचे संच मोठ्या कंपनीने जगभर पोचविले होते. इंडियन ओशन वीस वर्षे गावोगाव गात आले होते. दार उघडले तेव्हा अंगणात माणसे आधीच उभी होती. जाळ्यावर आज कोणीही गाणे ठेवू शकतो. ते ठेवणे म्हणजे ऐकवणे नव्हे. पूर्वी कंपनी दाराशी उभी राहून आत कोणास घ्यावयाचे ते ठरवी. आता दार सताड उघडे आहे, पण आतली गर्दी एवढी की कोण आले ह्याची खबर कोणास नाही.

ह्यावरून आमचा जो निष्कर्ष, तो असा. गाण्याचे स्वातंत्र्य धनी नसण्यात नाही. श्रोते आपले असण्यात आहे. बळवंत मंडळी स्वतःची मालक होती, पण तिला दर मुक्कामी नवी तिकिटे विकून नवा श्रोता मिळवावा लागे. तुकडोजी महाराजांचा श्रोता त्यांच्या मागे गावातच राही आणि स्वतः गाऊ लागे. पहिल्या व्यवस्थेत एक वाईट हंगाम पुरे होतो. दुसरीस तुरुंगही पुरत नाही.

कायद्याची बाजूही आम्ही त्या मुलांस सांगितली, कारण ती आज पूर्वीइतकी काळीकुट्ट राहिलेली नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश नमूद नसेल तर केवळ भारत धरला जातो. २०१२ सालच्या दुरुस्तीने तर शब्दकार व संगीतकार ह्यांचा मानधनातील समान वाटा असा पक्का केला की, वारसांस किंवा त्यांच्या वतीने वसुली करणाऱ्या संस्थेस सोडून तो अन्य कोणास देऊन टाकता येत नाही. वामनराव जोशी ह्यांच्या काळी असे कवच नव्हते. पण कवच असले तरी ते अंगावर चढवावे लागते. आठ गाण्यांचे शब्द कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, ढोलकी कोणी वाजविली, हे लिहून ठेवलेच नाही तर कायदा तरी कोणाचा हक्क राखणार?

ह्याविषयी आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आमचे कर्तव्य आहे. विद्यार्थिदशेत आम्ही एका उन्हाळ्यात खेड्यात आप्तांकडे गेलो असता पहाटे जात्यावर ओव्या म्हणणारी एक वृद्ध बाई आमच्या कानी आली. आम्ही मोठ्या उत्साहाने उसना टेपरेकॉर्डर आणून तिचे गाणे अर्धा तास मुद्रित केले. गावचे नाव कॅसेटीवर लिहिले, दिनांक लिहिला, ओव्यांचा प्रकार लिहिला. तिचे नाव लिहिले नाही. ती बाई गेली, ते आप्तही गेले. परवा ती कॅसेट लावून पाहिली तो आवाज स्पष्ट निघाला, जात्याची घरघर सुद्धा स्पष्ट, आणि हे कोणाचे गाणे ह्यास आता जगात उत्तर नाही. हॅनोव्हरच्या कारागिरांस निदान गौहरजानचे नाव ठाऊक होते. आम्ही तिच्याच मुलुखातले, तिच्याच भाषेचे, आणि तिला निनावी करून ठेवले. पुणे परिसरातील हेमा राईरकर व गी प्वाटव्हँ ह्यांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत, आणि तेथे ओवीशेजारी गाणारीचे नाव व गाव दिलेले असते. ते पाहिले की आम्हांस स्वतःची लाज वाटते.

म्हणून त्या पाच जणांस आम्ही ‘विका’ असेही म्हटले नाही आणि ‘विकू नका’ असेही नाही. आम्ही एवढेच सांगितले की कापूस विकणाऱ्या बापाच्या लेकाने गाठ कोणत्या भावाने गेली एवढेच न पाहता बियाणे घरात राहिले की नाही ते पाहावे. मूळ ध्वनिमुद्रणे जपावीत. प्रत्येकाचे नाव व काम कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात, कारण आजची मैत्री उद्या साक्षीस येतेच असे नाही. हक्क द्यावयाचा तर मुदतीने द्यावा. आणि जाळ्यावर ठेवण्यापूर्वी ही गाणी ज्यांच्या बोलीत लिहिली त्या लोकांस समोर बसवून ऐकवावीत.

त्यांनी काय केले ते सांगून हा लेख पुरा करतो. मुदतीच्या अटीवर कंपनी तयार झाली नाही, तेव्हा बोलणे तेथेच थांबले. मुलांनी दिवाळीपूर्वी दोन्ही जिल्ह्यांत मिळून सहा गावी गाणी म्हटली. कोठे गणपतीच्या मांडवात, कोठे शाळेच्या ओट्यावर. दिवाळीच्या सुमारास संच प्रसिद्ध झाला. ऐकणाऱ्यांची संख्या फुगवून सांगावी अशी नाही, आणि लॅपटॉपचे हप्ते अद्याप फिटलेले नाहीत. मात्र मागच्या आठवड्यात एका गावावरून त्यांस निरोप आला की, आमच्या पोरांनी तुमचे तिसरे गाणे बसविले आहे, पण दुसऱ्या कडव्यातील एक शब्द आमच्याकडे निराळा म्हणतात, तो आम्ही बदलला तर चालेल काय?

धाकट्याने हे आम्हांस सांगितले तेव्हा तो किंचित खट्टू होता. आम्ही त्यास म्हटले, “बाबा रे, चालेल म्हणून कळव, आणि तो शब्द कोणी सुचविला त्याचे नाव तेवढे विचारून घे.”